कुलाब्याची सुई आणि यंत्रावरील खुंटी



मी गोवंडीस राहतों. आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभें राहिलें म्हणजे दक्षिणेस ट्रॉम्ब्याची टेंकडी दिसते. तिच्या पलीकडे बंदराचें पाणी, आणि त्याहि पलीकडे, सरळ रेषेनें मोजल्यास सुमारें ४५ किलोमीटरांवर, अलीबाग. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती माझ्या शेजारच्या खोलींत सुरू होते आणि त्या अलीबागेंतील एका दगडी घराला वळसा घालून पुन्हां त्याच खोलींत येते.

शेजारच्या वहिनींचा पाय मोडला होता. नडगीचें हाड दुभंगलें, प्लॅस्टर झालें, सहा महिने लोटले, तरी हाड कांहीं जुळेना. तेव्हां त्यांच्या मुलानें एका दुकानांतून भाड्यानें एक यंत्र आणलें. लहानशी पेटी, तिला वायरीनें जोडलेलें गादीसारखें गोल वेटोळें, आणि पेटीवर एक खुंटी. वेटोळ्यांतून विजेचे ठोके जातात, प्रत्येक ठोक्यासरशीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें व मावळतें, आणि त्यानें हाडाला चालना मिळते, असें सोबतच्या पत्रकांत लिहिलें होतें. खुंटीभोंवतीं शून्यापासून दहापर्यंत आंकडे होते. ‘तीव्रता आपल्या सोयीनुसार ठेवावी,’ एवढीच सूचना होती.

मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, आईला लवकर गुण यावा म्हणून मीं दहावर ठेवलें आहे. चालेल ना?”

मीं चाळीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. परंतु या साध्या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. दहा म्हणजे दहा काय? दहा शेर, दहा हात, दहा अंश? नुसत्या दहाला कांहीं अर्थ असतो काय? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण आपल्या मुंबईंतच घडलेलें आहे.

चुंबकाची शक्ति मोजावयाची कशी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील पंडितांनाहि सुटला नव्हता. टांगलेली चुंबकसुई हलविली तर ती झोके घेते. क्षेत्र जितकें बळकट, तितके झोके जलद. या झोक्यांवरून एका गांवच्या चुंबकत्वाची दुसऱ्या गांवच्या चुंबकत्वाशीं तुलना करतां येई. सुप्रसिद्ध प्रवासी हुंबोल्ट यानें दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत एका ठिकाणीं जी तीव्रता पाहिली, तिलाच ‘एक’ मानण्याचा प्रघात पडला होता. पॅरिसची तीव्रता पेरूच्या मानानें इतकी, लंडनची इतकी, असें लोक सांगत. परंतु पेरूची स्वतःची तीव्रता किती, हें कोणींच सांगूं शकत नव्हता. शिवाय सुईचें चुंबकत्व प्रवासांत कमी झालें तर सारा हिशेबच चुके. वहिनींच्या यंत्रावरील ‘दहा’ हा आंकडा नेमका याच जातीचा आहे. पांचापेक्षां तो मोठा, एवढेंच काय तें त्यावरून कळतें.

ही अडचण दूर केली ती जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस यानें. १८३२ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, लांबी, वस्तुमान आणि काळ या तीन मापांतच चुंबकीय तीव्रता सांगतां येते. पेरूला जाण्याचें कारण नाहीं. त्याच्याच नांवावरून पुढें ‘गॉस’ हें माप रूढ झालें. आजचें मोठें माप टेस्ला. एका टेस्लांत दहा हजार गॉस. या मापानें आपल्या पायांखालच्या पृथ्वीचें क्षेत्र मुंबईच्या आसपास सुमारें ०.४३ गॉस भरतें. म्हणजे तुम्ही, मी आणि वहिनी जन्मापासून सुमारें अर्ध्या गॉसांत वावरत आहों.

गाउसाच्या या शोधानंतर जगभर चुंबकीय वेधशाळांचें जाळें पसरूं लागलें आणि त्यांत मुंबईचाहि समावेश झाला. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली होती. १८४१ पासून तेथें एल्फिन्स्टन संस्थेचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखालीं चुंबकीय वेध घेण्यास प्रारंभ झाला. त्यांच्या हाताखालीं एक मराठी मुलगा सहायक म्हणून लागला होता, त्याचें नांव केरो लक्ष्मण छत्रे. पुढें पुण्यास लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना ते हेच. त्यांचें जन्मगांव अलीबागेजवळील नागांव, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण ज्या सुयांची सेवा करण्यास ते नागांवाहून मुंबईस आले, त्या सुया पुढें साठ-बासष्ट वर्षांनीं त्यांच्याच गांवाशेजारीं राहावयास जाणार होत्या.

तत्पूर्वीं कुलाब्याच्या सुईनें एक अपूर्व घटना टिपली. १८५९ सालच्या सप्टेंबरच्या २ तारखेस सूर्यावरील स्फोटामुळें पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालें. कुलाब्यास क्षेत्राचा आडवा घटक थोडक्या वेळांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे ०.०१६ गॉसनें, खालीं आला. ही घट मूळच्या आडव्या क्षेत्राच्या शेंकडा चार टक्क्यांच्या आसपास होती. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजचे शास्त्रज्ञहि कुलाब्याच्या या नोंदीचा आधार घेतात.

आतां गंमत पाहा. ०.०१६ गॉस म्हणजे किती? शोभेसाठीं शीतकपाटावर चिकटवितात त्या चुंबकाच्या पृष्ठभागाशीं पन्नास-शंभर गॉस सहज असतात. मग या यःकश्चित् घटीनें केलें तरी काय? त्याच वादळांत अमेरिकेंत तारायंत्रावर काम करणाऱ्यांना विजेचे धक्के बसले, कांहीं ठिकाणीं कागदानें पेट घेतला, आणि बोस्टन व पोर्टलंड यांमधील तार बॅटरी सोडवून केवळ वादळाच्या विजेवर चालविण्यांत आली. शीतकपाटावरील चुंबकानें असें कांहीं आजवर घडलेलें नाहीं.

याचें कारण फॅरडेनें १८३१ सालींच सांगून ठेवलें होतें. स्थिर चुंबकीय क्षेत्र वीज उत्पन्न करीत नाहीं. बदलणारें क्षेत्र करतें. वीज किती उत्पन्न होईल हें दोन गोष्टींवर ठरतें: क्षेत्र किती वेगानें बदलतें, आणि ज्या वळशांतून तें जातें तो वळसा केवढा आहे. १८५९ च्या वादळांत बदल अल्प आणि त्या मानानें मंद होता, परंतु तारेचा वळसा शेंकडों मैलांचा होता. माणसाच्या पायाचा वळसा अवघ्या कांहीं सेंटिमीटरांचा. म्हणून तेंच वादळ कुलाब्याच्या कोळ्यांच्या अंगावरून गेलें आणि त्यांना त्याचा पत्ताहि लागला नाहीं.

कुलाब्याच्या सुयांवर खरें संकट आकाशांतून आलें नाहीं. तें रस्त्यावरून आलें. मुंबईंत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धांवत होत्या. त्या जाऊन विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां वेधशाळेचे संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. १८९६ सालीं या पदावर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ट्रामची वीज रुळांतून जमिनींत झिरपणार आणि प्रत्येक गाडीसरशीं सुई थरथरणार, हें मूस यांनीं जाणलें. पृथ्वीच्या नोंदींत ट्रामच्या नोंदी मिसळल्या कीं दोहोंची फारकत करणें दुर्घट. आंकडे मिळत राहिले असते, वह्याहि भरल्या असत्या, परंतु ते आंकडे कशाचे हें कोणाला सांगतां आलें नसतें.

तेव्हां साऱ्या चुंबकीय वेधशाळेनेंच मुंबई सोडली. बंदरापलीकडे अलीबागेस तिच्यासाठीं नवीं घरें उठलीं. त्यांसाठीं पोरबंदरचा दगड चुंबकत्वाविषयीं पारखून घेतला, आणि बांधकामांत लोखंड टाळून तांब्या-पितळेनें काम भागविलें. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें कुलाबा आणि अलीबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेऊन दोहोंचा मेळ बसविण्यांत आला. त्यानंतर १९०७ सालीं विजेची ट्राम मुंबईंत धांवली. १९२५ च्या फेब्रुवारींत विजेची पहिली आगगाडी बोरीबंदराहून हार्बर मार्गानें कुर्ल्यापर्यंत आली, आणि त्याच मार्गाच्या तारा पुढें आमच्या गोवंडीवरूनहि गेल्या. ट्राम १९६४ सालीं बंद पडल्या. अलीबागच्या सुयांचें काम अद्याप चालूं आहे. ती वेधशाळा आतां भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचें मुख्य ठाणें नवीन पनवेलास आहे. गोवंडीहून पनवेलची लोकल पकडली कीं माणूस त्याच दिशेस जातो.

मूस यांच्या या उद्योगापासून घेण्यासारखा धडा हा कीं, आंकड्यावर विश्वास ठेवावयाचा तर तो कशाचा, कोठें घेतलेला आणि कशानें बिघडणारा, हें आधीं ठाऊक पाहिजे.

आतां शरीराकडे वळूं. १८९६ सालीं, ज्या वर्षीं मूस संचालक झाले त्याच वर्षीं, फ्रान्समध्यें दार्सोनव्हाल या वैद्यकशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, वेगानें उलटसुलट होणाऱ्या विजेच्या मोठ्या वेटोळ्यांत डोकें ठेवलें असतां डोळ्यांपुढें प्रकाशाच्या लहरी चमकतात. स्थिर चुंबकाजवळ तसें होत नाहीं. पुढें १९५७ सालीं जपानांत फुकादा आणि यासुदा यांनीं सिद्ध केलें कीं, हाडावर दाब दिला असतां त्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. हाड जर भाराला विजेनें उत्तर देतें, तर बाहेरून तितकीच वीज देऊन त्याला वाढीस प्रवृत्त करतां येईल काय? न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बॅसेट यांनीं हा विचार धरून कातडी न फाडतां, केवळ वेटोळ्याच्या साहाय्यानें, हाडांत वीज उत्पन्न केली. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७४ चा. आणि १९७९ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें न जुळणाऱ्या हाडांसाठीं या पद्धतीस मान्यता दिली.

या यंत्रांतील चुंबकीय ठोका सुमारें २० गॉसांचा असे आणि तो सेकंदाच्या पांच-हजाराव्या भागांत चढे. तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या वळशाचा हिशेब केला तर त्यानें दर सेंटिमीटरास सुमारें दीड मिलिव्होल्ट उत्पन्न होतो. तेच २० गॉस जर सावकाश, दोन सेकंदांत चढूं दिले, तर उत्पन्न होणारी वीज दहा हजार पटींनीं कमी भरते. गॉस तेच, परिणाम मात्र नाहींसाच! उलट रुग्णालयांतील एम्. आर्. आय्. यंत्रांत माणूस १५,००० गॉसांच्या क्षेत्रांत स्वस्थ पडून असतो. कारण तेथील मुख्य क्षेत्र स्थिर असतें. तेव्हां नुसत्या गॉसांवरूनहि उपचाराची मात्रा कळत नाहीं, मग नुसत्या ‘दहा’वरून ती काय कळणार?

बॅसेट यांच्या परंपरेंतील हाडांच्या यंत्रांवर बहुधा तीव्रतेची खुंटी नसते. ठोका कारखान्यांतच ठरवून दिलेला असतो. रुग्णानें यंत्र बांधावयाचें, सुरू करावयाचें आणि वेळ पाळावयाची, इतकेंच त्याचें काम. खुंटी हौसेच्या बाजारांतून आली.

परंतु मोजमाप अचूक झालें म्हणजे गुण येतोच असें नाहीं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं एक प्रामाणिक प्रयोग प्रसिद्ध केला. नडगीचें हाड न जुळलेल्या १६ रुग्णांपैकीं ९ जणांना चालूं यंत्र दिलें आणि ७ जणांना हुबेहूब तसेंच, परंतु आंतून निर्जीव. कोणाचें कोणतें, हें रुग्णांना ठाऊक नव्हतें. चालूं यंत्रांच्या ९ जणांपैकीं ५ जणांचीं हाडें जुळलीं. निर्जीव यंत्रांच्या ७ जणांपैकींहि ५ जणांचीं जुळलीं! दोन्ही गटांना पायावर भार न देण्याची सक्त ताकीद होती, आणि कदाचित् ती विश्रांतीच अधिक फळास आली. पुढें १९९० सालीं त्यांच्यापैकींच शॅरार्ड यांनीं ४५ रुग्णांवर तशीच परीक्षा केली, तींत मात्र चालूं यंत्राच्या गटांत प्रगति स्पष्टपणें अधिक दिसली. २०११ सालीं अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनीं निर्णायक निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाहीं, असें नमूद केलें. म्हणजे ही विद्या थोतांड म्हणून फेंकण्याजोगी नाहीं, आणि तिच्यावर डोळे मिटून विसंबावें अशीहि नाहीं.

त्याच बार्कर यांनीं १९८५ सालीं दुसरें एक वेटोळें तयार केलें. त्यांत सुमारें २०,००० गॉसांचा ठोका सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागांत चढे. तें डोक्यावर धरतांच मेंदूला चालना मिळून हाताचे स्नायू आपोआप आंखडले. आज औदासीन्याच्या विकारावर ही पद्धति तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं वापरतात. वेटोळें तेंच, तत्त्व तेंच. परंतु वेग आणि तीव्रता वाढतांच हाडाला हळुवार हांक मारणारी वस्तु स्नायूंना हुकूम देणारी झाली. मात्रेचें महत्त्व याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाहीं.

आतां वहिनींच्या खोलींत परत जाऊं. मीं मुलाला म्हटलें, “दुकानदाराला चार गोष्टी विचार. दहावर किती गॉस, आणि ते वेटोळ्याला टेंकून कीं चार बोटें दूर? हा आंकडा ठोक्याच्या शिखराचा कीं सरासरीचा? ठोका किती वेळांत चढतो? सेकंदाला ठोके किती?”

पहिला प्रश्न गौण वाटतो, पण तसा नाहीं. दहा सेंटिमीटर त्रिज्येचें गोल वेटोळें घेतलें, तर त्याच्या मध्यबिंदूशीं असलेली तीव्रता दहा सेंटिमीटर दूर गेल्यावर शेंकडा ३५ उरते आणि वीस सेंटिमीटरांवर शेंकडा ९. गादी पायाखालीं घेणें आणि पलंगाखालीं ठेवणें यांत खुंटीच्या आंकड्यांपेक्षां मोठा फरक पडतो. दुसरा प्रश्न तसाच: शंभर गॉसांचा ठोका जर एकंदर वेळाच्या हजाराव्या भागापुरताच टिकत असेल, तर सरासरी येते एक दशांश गॉस. एक दुकानदार शंभर सांगेल, दुसरा एक दशांश. दोघेहि खरें बोलत असतील! आणि हृदयाचा ठोका सांभाळणारें किंवा कानांत बसविलेलें विजेचें उपकरण ज्याच्या शरीरांत आहे, त्यानें, तसेंच गर्भवती स्त्रीनें, वैद्यांना विचारल्यावांचून अशा वेटोळ्याजवळ जाऊं नये.

मुलगा दुकानांत जाऊन आला. दुकानदाराचें उत्तर होतें, “दहा म्हणजे फुल पॉवर.” चारी प्रश्नांना एवढेंच उत्तर.

तेव्हां मीं त्याला सांगितलें, “अरे, आतां खुंटीचा नाद सोड आणि आईला हाडांच्या डॉक्टरांकडे ने.” डॉक्टरांनीं नवीन क्ष-किरण चित्र काढलें. हाडाच्या दोन टोकांमध्यें फट राहिली होती. टोकांत अंतर फार असलें किंवा तेथें खोटा सांधा तयार झाला असला, तर क्षेत्र दोनवर ठेवा कीं दहावर, हाड जुळत नाहीं. तेथें शस्त्रक्रियाच हवी. भाड्याच्या यंत्रापायीं अडीच महिने गेले होते. मुलगा दवाखान्याच्या बांकावर बसून होता. तो मला म्हणाला, “काका, मीं तर सर्वांत मोठ्या आंकड्यावर ठेवलें होतें.” त्या वाक्यांत त्याची आईवरची सारी माया होती, आणि तिच्या पायाचे अडीच महिनेहि त्याच वाक्यांत गेले होते. मला त्याला बोल लावतां आला नाहीं.

शस्त्रक्रिया झाली. वहिनी आतां काठी घेऊन गोवंडी स्टेशनापर्यंत जातात आणि पूल चढण्यापूर्वीं क्षणभर थांबतात. यंत्र दुकानांत परत गेलें. तें आज आणखी कोणाच्या तरी घरीं असेल आणि तेथेंहि कोणी मुलगा खुंटीला हात घालीत असेल.

त्याच्यासाठीं एवढेंच सांगतों. सुईची एक नोंद निर्भेळ राहावी म्हणून आपल्या शहरानें एकदां एक वेधशाळा समुद्रापलीकडे नेली, दगड पारखून भिंती बांधल्या, आणि लोखंडाच्या खिळ्यालाहि आंत येऊं दिलें नाहीं. आईच्या पायाशीं यंत्र ठेवतांना त्यावरील आंकडा कशाचा, एवढें विचारण्यास आपण संकोच करूं नये. आणि उत्तर मिळालें नाहीं तर ती खुंटी फिरवूं नये.